टाकीतलं वीस टक्के

पुढच्या वेळी पंपावर गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला एकदा बघा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांवर तिथे ‘ई२०’, म्हणजे आता पंपावर मिळणारं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालतं, असा छोटा स्टिकर असतो. तो असेल तर या लेखातल्या निम्म्या काळज्या तुमच्या नाहीत. नसेल तर आरसी काढा आणि गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या साली तयार झाली ते पाहा. विकत घेतल्याची तारीख नको, उत्पादनाची हवी. दसऱ्याला हार घालून आणलेली गाडी कारखान्यातून मार्चमध्ये बाहेर पडलेली असू शकते, आणि इथे सगळा हिशेब त्या मार्चचा आहे.

एप्रिल २०२३ पासून तयार होणाऱ्या गाड्यांचे रबर, प्लास्टिक आणि धातूचे भाग वीस टक्के इथेनॉल सोसतील असे असावेत, असं ठरलं. इंजिनची जुळणीही वीस टक्क्यांसाठीच असावी, हा टप्पा एप्रिल २०२५ चा. म्हणजे मधल्या दोन वर्षांतल्या कित्येक गाड्यांचे पाइप-वायसर नव्या पेट्रोलचे आहेत, पण इंजिनचं गणित जुन्याचं. काही कंपन्यांनी हे काम आधीच उरकलं होतं, त्यामुळे शेवटचा शब्द गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेचा. तिच्यात इंधनाचं पान असतं. आपण ते कधीच वाचत नाही.

२००८ ते २०२३ या काळातल्या गाड्यांचे भाग साधारणपणे दहा टक्क्यांपर्यंतचे. त्याआधीच्या गाड्या इथेनॉलचा विचारच न करता बनलेल्या. आपल्याकडे रस्त्यावर आणि अंगणात उभ्या असलेल्या दुचाकींमध्ये या दोन गटांतल्या भरपूर आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

एक फरक सुरुवातीलाच मनाशी पक्का करा. गाडीला एखादं पेट्रोल चालणं वेगळं आणि मानवणं वेगळं. सरकार ‘चालतं’ म्हणतं ते खोटं नाही. गाडीवाला ‘मानवत नाही’ म्हणतो तेही बहुतेकदा खोटं नसतं. दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात.

ॲव्हरेज किती पडतं

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. लिटरमागे २०० मिली इथेनॉल आलं की एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. ही रसायनाची गोष्ट आहे, तिच्यावर वाद नाही. वाद आहे तो इंजिन ही घट किती भरून काढतं यावर. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ वरून ९५ च्या घरात गेला आहे. ज्या इंजिनची रचना त्याचा फायदा उचलण्यासारखी आहे ते थोडी भरपाई करतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटरसायकलला त्या ऑक्टेनचं काय करायचं ते कळत नाही.

नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने जून २०२१ मध्ये जो आराखडा दिला त्यात घट अशी धरली होती: इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकीत ३ ते ४ टक्के, आणि दहासाठी बनवून विसाला जुळवलेल्या चारचाकीत १ ते २ टक्के. याचे रुपये करून बघू. १५ चं ॲव्हरेज देणारी कार महिन्याला हजार किलोमीटर फिरत असेल तर सहा टक्के घट म्हणजे सव्वाचार लिटर जादा, शंभरच्या आसपासच्या दराने सव्वाचारशे ते साडेचारशे रुपये. पन्नासच्या ॲव्हरेजची दुचाकी महिन्याला आठशे किलोमीटर चालत असेल तर चार टक्क्यांनी सत्तरएक रुपये. कारवाल्याला हे जाणवतं, दुचाकीवाल्याला सहसा नाही.

‘माझ्या गाडीचं ॲव्हरेज वीस-पंचवीस टक्क्यांनी पडलं’ असं सांगणारे भेटतात. मी त्यांना तीन गोष्टी विचारतो: टायरमधली हवा कधी तपासली, एअर फिल्टर कधी बदलला, आणि आधीचं ॲव्हरेज मोजलं होतं की आठवलं होतं? एवढी मोठी घट असेल तर दोष बहुधा आणखी कुठेतरी आहे, आणि इथेनॉलवर खापर फोडून तो तसाच राहतो. मोजायची रीत जुनीच चांगली. एकाच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या ‘टक’पर्यंत टाकी भरा. तीनेकशे किलोमीटर फिरवा. परत तिथेच, तसंच भरा. गेलेलं लिटर आणि झालेले किलोमीटर यांचा भागाकार. असं तीनदा करून सरासरी काढा. मीटरवर दिसणारा आकडा सोयीचा असतो, पण कित्येक गाड्यांत तो जरा लाडावलेला असतो.

बाऊलमध्ये काय सापडलं

आमच्याकडे पंधरा वर्षं जुनी शंभर सीसीची मोटरसायकल आहे. गेल्या पावसाळ्यात ती रोज सकाळी तीन किकवर सुरू व्हायची ती दहावर गेली. सुरू झाली की पहिल्या सिग्नलला बंद. मिस्त्रीने कार्ब्युरेटर उतरवला, बाऊलचे स्क्रू सोडले आणि तो उन्हात धरून मला म्हणाला, “बघा सर, काय पाळलंय यात.” तळाला पांढुरकी, खडीसाखर ओली झाल्यासारखी बुरशी बसली होती. पितळी जेटच्या तोंडावर हिरवट थर. बाऊलची रबरी रिंग खोबणीत परत बसेना, इतकी फुगली होती. पेट्रोलचा पाइप मागच्याच वर्षी मी स्वस्तातला पारदर्शक टाकून घेतला होता. तो पिवळा पडून काडीसारखा कडक झाला होता, वाकवला तर मोडला.

हे सगळं एका इथेनॉलचं पाप नाही. गाडी पावसात उघड्यावर होती, आठवडा-आठवडा उभी होती. पण इथेनॉल काय करतं याचं चित्र त्या बाऊलमध्ये होतं. ते काही जातींच्या रबरात शिरून त्याला फुगवतं. स्वस्त प्लास्टिकमधलं मऊपण शोषून घेतं. हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि तो ओलावा ॲल्युमिनियम, जस्त, पितळ यांना खातो. शिवाय ते चांगलं धुणारं आहे. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं बसलेला राप सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन अडकतो.

मिस्त्रीने नीडल व्हॉल्व्ह, बाऊलची रिंग, कॉकचे वायसर आणि पाइप बदलला. मूळ कंपनीचेच घेतले. बिल झालं चारशेच्या आत. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जो खुलासा केला त्यात हेच वेगळ्या शब्दांत होतं: काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, खर्च किरकोळ आहे, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल. किरकोळ आहे हे मान्य. पण तो गाडीवाल्याने करायचा आहे, आणि ते त्याला पंपावर कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा जुनी गाडी पुढच्या सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा नुसतं ‘ऑइल बदला’ म्हणू नका. पेट्रोलचे पाइप हाताने दाबून बघायला सांगा. मऊ चिकट झालेला, फुगलेला किंवा कडक तडकलेला पाइप लगेच बदला, कारण इथे प्रश्न ॲव्हरेजचा नसून गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकण्याचा आहे. फिल्टर एकदा वेळेआधीच बदला. इंजेक्शनच्या गाडीला पाइप दाबाचा लागतो, हार्डवेअरच्या दुकानातला मीटरवर मिळणारा चालत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोलचं मिश्रण वीस टक्के इथेनॉलमुळे थोडं पातळ होतं, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि कार्ब्युरेटर मात्र पूर्वीइतकीच देत राहतो. थंड इंजिनचं मिसिंग, चोक जास्त वेळ लागणं, वळणावर ॲक्सिलरेटर पिळला की क्षणभर दम तोडणं, ही त्याची लक्षणं. हवेचा स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवून बहुतेक वेळा निभावतं, कधी एक नंबर मोठा जेट लागतो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर आणि कॉम्प्युटर हे काम आपणच करतात.

बाटलीतून मिळणारी ‘इथेनॉलपासून संरक्षण’ देणारी औषधं मी घेत नाही. टाकीत टूटी ऑइल ओतायचा सल्लाही ऐकू नका. आणि पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल ‘धुऊन’ काढायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या वाटेला तर जाऊच नका. एका शिक्षक मित्राच्या प्रयोगशाळेत मी ते होताना पाहिलं आहे. मोजपात्रात ८० मिली पेट्रोल, त्यावर २० मिली पाणी, बूच लावून हलवलं, दहा मिनिटं ठेवलं. खालचा थर विसावरून पस्तिशीच्या पुढे चढला. वाढलेलं सगळं इथेनॉल. मिश्रण किती आहे ते कळायला प्रयोग उत्तम. पण वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घसरलेला असतो, त्यात ओल राहते, आणि हा उद्योग घराच्या मोरीत करायचा म्हणजे भडक्याला आमंत्रण.

खरा वैरी पाणी

पूर्वी टाकीत चमचाभर पाणी गेलं तर ते तळाला जाऊन बसायचं. गाडी धापा टाकायची, टाकी उतरवून पाणी काढलं की संपलं. आता थोडं पाणी इथेनॉलमध्ये मुरून जातं आणि इंजिनमधून वाफ होऊन निघून जातं. हा फायदाच म्हणायचा. दहा टक्क्यांच्या मिश्रणात दहा लिटरला पन्नासएक मिली पाणी असं मुरतं, विसाच्या मिश्रणात त्याहून थोडं जास्त. पण ती मर्यादा ओलांडली की पेट्रोल दुधासारखं फुटतं. पाणी एकटं खाली उतरत नाही, इथेनॉलला हाताला धरून घेऊन जातं. वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल, खाली इथेनॉल-पाण्याचा जाड थर, आणि गाडीचा पंप किंवा कॉक ओढतो खालूनच. थंडीच्या रात्री मुरण्याची मर्यादा आणखी खाली येते.

पाणी येतं कुठून? एक वाट आपल्याच गाडीत असते. टाकीत बसवलेलं चपटं झाकण ज्या मोटरसायकलला आहे तिच्या झाकणाभोवती पावसाचं पाणी वाहून जायला बारीक भोक असतं, त्याला खाली नळी. हे भोक धुळीने बुजलं की झाकणाभोवती तळं साचतं आणि किल्ली फिरवून झाकण उघडलं की सगळं आत. मृगाआधी एका बारीक तारेने ते भोक मोकळं करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि या अख्ख्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

गणपतीला गावी जाऊन मोटरसायकल पडवीत लावून येणारे आणि शिमग्याला परत किक मारणारे चाकरमानी यांच्यासाठी थोडं वेगळं. महिन्यापेक्षा जास्त उभी राहणारी कार्ब्युरेटरची गाडी लावताना कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि बाऊलच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेलं पेट्रोल काढून टाका. लोखंडी टाकी जवळजवळ भरलेली ठेवा. मोकळी जागा जितकी जास्त तितकी दमट हवा आत, तितका गंज. परत आल्यावर पेट्रोलला वार्निशासारखा आंबूस वास येत असेल तर ते गाडीत जाळू नका. इंजेक्शनची गाडीही टाकीच्या तळाला अर्धा लिटर ठेवून लावू नका. घरी कुणी असेल तर पंधरा दिवसांनी ती फिरवून आणायला सांगा. जागेवर पाच मिनिटं फुर्रफुर्र केल्याने काही साधत नाही.

ज्यांना आपण या चर्चेत नाही असं वाटतं ते सीएनजीवाले. सीएनजीची कार बहुधा पेट्रोलवर सुरू होते, म्हणून टाकीत पाच लिटर पेट्रोल पडून असतं, आणि ते मागच्या दिवाळीचं असतं. आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवा आणि दोन महिन्यांत ते संपवून ताजं भरा. नाहीतर सीएनजीच्या रांगेत कंटाळून ज्या दिवशी पेट्रोलचं बटण दाबाल त्या दिवशी ते दगा देईल.

शेतकऱ्यांचे पेट्रोलवरचे फवारणी पंप, ग्रासकटर, पॉवर वीडर यांचीही तीच कथा, उलट जास्त नाजूक. त्यांचा कार्ब्युरेटर बोटभर आणि आतला पडदा कागदासारखा पातळ. ऑइल मिसळलेलं पेट्रोल कॅनमध्ये हंगामभर साठवू नका, लागेल तेवढंच कालवा, आणि काम झालं की टाकी रिकामी करून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवा. ज्याच्या उसातून हे इथेनॉल निघालं त्याच्याच पंपाचा पडदा त्या इथेनॉलने आकसावा, यात थोडा विनोद आहे, पण शेतकऱ्याला तो ऐन फवारणीत सुचत नाही.

हे आलं कुठून आणि स्वस्त का नाही

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाले त्यांत आमचं मिरज होतं आणि मनमाड. कारण उघड आहे, आजूबाजूला कारखाने आणि मळी. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्क्यांची योजना आली आणि बरीच वर्षं रेंगाळली. २०१३-१४ ला देशाची सरासरी दीड टक्क्याच्या आसपास होती. मग वेग आला: जून २०२२ मध्ये दहा टक्के, फेब्रुवारी २०२३ मध्ये विसाची सुरुवात, आणि २०३० साठी ठेवलेलं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठलं गेलं.

साखर कारखान्यांसाठी हा आधार मोठा होता. साखर विकून पैसे यायला वर्ष लागतं, इथेनॉलचे तेल कंपन्यांकडून काही आठवड्यांत येतात, आणि शेतकऱ्याला उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, द्यायला हात मोकळा होतो. म्हणून शेवटच्या सी हेवी मळीवर न थांबता कारखाने जास्त साखर उरलेल्या बी हेवी मळीकडे आणि थेट रसाकडे वळले. पण ऊस पावसावर आहे. २०२३ चा पाऊस दगा देऊन गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली, आठवड्याभरात मर्यादित परवानगी दिली, आणि निर्बंध उठले ते ऑगस्ट २०२४ अखेर. कर्ज काढून आसवन्या मोठ्या केलेल्या कारखान्यांची त्या वर्षी काय अवस्था झाली ते सांगली-कोल्हापुरात कुणालाही विचारा. त्या पोकळीत मका आणि तांदूळ शिरला. आज निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं आहे. मक्याचा भाव वाढला, मका पिकवणारा खूश झाला, कोंबड्या पाळणारा रडकुंडीला आला. आणि उसाच्या इथेनॉलचं पाणी मोजायचं तर नीती आयोगाच्याच अहवालात लिटरमागे २,८६० लिटर पाणी धरलेलं आहे. मराठवाड्याच्या माणसाने हा आकडा दोनदा वाचावा.

राहिला पंपावरचा दर. ‘इथेनॉल स्वस्त, मग पेट्रोल स्वस्त का नाही’ असं विचारलं जातं. उत्तर असं की ते आता स्वस्त राहिलेलं नाही. २०२४-२५ च्या पुरवठा वर्षात तेल कंपन्यांना वाहतूक आणि जीएसटी धरून लिटरला सरासरी ७१ रुपये ३२ पैसे पडत होते, शुद्ध पेट्रोलच्या रिफायनरीतल्या दरापेक्षा जास्त. परकीय चलन वाचलं हे खरं. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटी रुपये, असा सरकारी आकडा आहे. माझी तक्रार वेगळी आहे. २०२१ च्या त्याच आराखड्यात म्हटलं होतं की घटलेल्या ॲव्हरेजची भरपाई म्हणून मिश्रित पेट्रोलवर कर-सवलत द्यावी आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं पेट्रोल चालू ठेवावं. ही दोन पानं बाजूला पडली. ब्राझीलमध्ये २००३ पासून कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या गाड्या आहेत. तिथला माणूस पंपावर इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांखाली आहे का ते बघतो आणि ठरवतो. आपल्याला एकच नोझल आहे. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. महागडं पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं, हा समजही सोडा. ९५ ऑक्टेनच्या नावाने मिळणाऱ्या पेट्रोलमध्येही ते असतं. शंभर ऑक्टेनचं निवडक पंपांवर दीडशेच्या पुढच्या दराने मिळतं, तेही घ्यायचं तर त्यात इथेनॉल आहे का हे विचारून घ्या.

विम्याची अफवा मात्र निखालस खोटी. वीस टक्के इथेनॉल वापरलं म्हणून पॉलिसी रद्द होत नाही, मंत्रालयाने ते स्पष्ट केलेलं आहे. फक्त झिजलेला पाइप किंवा फुगलेलं वायसर यांचा खर्च साध्या मोटार विम्यात पूर्वीही मिळत नव्हता, आताही मिळणार नाही.

पेट्रोल भरून दोन-चार किलोमीटरवर गाडी अडखळायला लागली, विशेषतः धो-धो पावसानंतर, तर पुढे रेटू नका. गाडी बाजूला घ्या, स्टार्टर मारत बसू नका. टाकीच्या तळातलं पेट्रोल मिस्त्रीकडून काचेच्या बाटलीत काढून घ्या, तासभर ठेवा. दोन थर दिसले तर बाटलीचा फोटो काढा, बूच घट्ट लावा आणि बिलासह पंपावर जा. बिल नेहमी घ्यायचं ते यासाठी. घनता तपासून दाखवा, टाकीतल्या पाण्याची नोंद दाखवा, असं मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, जसा पाच लिटरच्या मापाने मोजून घेण्याचा आहे. टोलवाटोलवी झाली तर पंपावर लावलेल्या फलकावर तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर असतो, त्याला फोन लावा, आणि तिथेही दाद लागली नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. बाटली मात्र गाडीच्या डिकीत, उन्हात ठेवू नका.